वावळकोंडचा खरा आराखडा

आपल्या शाळांत दोन तऱ्हेच्या वह्या असतात, मंडळी. एक मुलांची. तिच्यात चुका असतात, खाडाखोड असते, कोपरे दुमडलेले असतात. दुसरी साहेबांना दाखवायची. तिच्यात चूक शोधून सापडायची नाही. वावळकोंडच्या शाळेचं दुखणं या दुसऱ्या वहीत होतं, आणि अकरा वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

वावळकोंड ही महाड तालुक्यात वरंधच्या वरच्या अंगाला डोंगरात बसलेली तीसेक उंबऱ्यांची वाडी. घरटी एक माणूस मुंबईला, मागे बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. शाळा पाचवीपर्यंत, पट अठरा, आणि अकरा वर्षांपासून गुरुजी एकच, अरविंद उतेकर. माणूस कामचुकार नव्हता हो! रोज अर्धा तास चढ चढून यायचा, पोरांची नखं कापायचा, कुणाला ताप आला तर घरापर्यंत पोचवायचा. पण कागद समोर आला की ह्याच माणसाचं डोकं वेगळं चालायचं. दरवर्षी शाळा विकास आराखडा लिहायचा असतो. म्हणजे शाळेत यंदा काय सुधारायचं, कसं सुधारायचं आणि ते सुधारलं की नाही हे कुणी केव्हा बघायचं, याचा लेखी बेत. अरविंद गुरुजी गेल्या वर्षीचा आराखडा काढायचे, साल बदलायचे आणि पाठवून द्यायचे. छपराचे पत्रे बदलून दोन पावसाळे उलटले तरी आराखड्यात ‘छप्पर दुरुस्ती’ तशीच होती. वरून कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याच्या टेबलावरही असलेच आराखडे पडलेले.

तीच गत सभेची. पालकांच्या शाळा व्यवस्थापन समितीने दर महिन्याला बसून शाळेच्या कामाचा आढावा घ्यायचा, असा नियम आहे. पण सभेची वेळ अकराची, आणि अकराला बाया शेतावर. मग गुरुजी एकटेच बसून झालेल्या न झालेल्या सभेची हकिगत वहीत लिहायचे आणि ती वही एखाद्या मुलीच्या दप्तरातून घरोघर जायची. अंगठे, सह्या घेऊन दुसऱ्या दिवशी परत. वाडीत याला ‘वही फिरली’ म्हणत. सभा झाली असं कुणी म्हणतच नसे.

नोव्हेंबर सरत आला होता, खळ्यावरची भाताची झोडणी आटोपली होती. त्या महिन्याची वही पाचवीतल्या अक्षदा पार्टेच्या दप्तरातून गेली. अक्षदाची आई ठकूबाई समितीची अध्यक्ष. स्वतः शाळेची पायरी न चढलेली, पण बोलायला खणखणीत. दुसऱ्या दिवशी वही आली ती ठकूबाईच्याच हातात, आणि तिच्यावर अंगठा नव्हता.

“या, ठकूबाई. अंगठा राहिला वाटतं,” गुरुजी म्हणाले.

“राहिला नाय. ठेवला नाय.” ठकूबाई दारातच उभी राहिली. “दर महिन्याला ठेवते. काल म्हटलं, पोर पाचवीत हाय, आज वाचून तरी घेऊ. म्हटलं, वाच गो, काय लिवलंय. तर ही रडायलाच लागली.”

“माझं अक्षर जरा गिचमिड आहे. तिला लागलं नसेल.”

“मंग तुमच्या पुस्तकातलं वाचू दे.”

गुरुजींनी हसून मराठीचं पुस्तक उघडलं. अक्षदा उभी राहिली, ओळीखाली बोट धरलं आणि सगळा धडा खडखडा वाचून दाखवला. कुठे अडखळली नाही की थांबली नाही. गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

“आता तुमचा हात ठेवा पानावर,” ठकूबाई म्हणाली.

“म्हणजे?”

“पान झाका नि पुढचं वाचायला सांगा.”

गुरुजींनी पानावर पंजा ठेवला. अक्षदाचं बोट त्यांच्या पंजावरून तसंच सरकत राहिलं आणि तोंडातून धडाही तसाच येत राहिला. पाठ होता! सगळा वर्ग एका सुरात रोज म्हणायचा तो धडा पोरीने कानाने उचलला होता. गुरुजींनी घाईघाईने शेवटचा, अजून न शिकवलेला धडा काढला. दुसऱ्याच शब्दावर अक्षदा थांबली आणि मान खाली घालून फ्रॉकची शिवण उसवत राहिली.

“आता वहीत काय हाय ते तुमीच वाचा,” ठकूबाई म्हणाली.

वाचणं भाग होतं. गुरुजींनी घसा खाकरला. “‘इयत्ता दुसरी ते पाचवीच्या सर्व विद्यार्थ्यांना वाचन येते. माननीय अध्यक्षांनी समाधान व्यक्त केले.’”

“अध्यक्ष म्हंजे मीच ना? मी कवा समाधान केलं, गुरुजी?”

खिडकीशी बसलेली लहान पोरं टकमक बघत होती. गुरुजींनी अक्षदाला जागेवर बसायला सांगितलं आणि ठकूबाईला घेऊन पडवीत आले. तिथे ठकूबाईचा आवाज खाली आला, पण बोलणं थांबलं नाही.

“माझी थोरली, रूपाली. तिच्या कागदावर तुमी लिवलं, वाचनात हुशार. खालच्या गावातल्या शाळेत सहावीला गेली. पयल्याच आठवड्यात बाईंनी वाचायला उभी केली, येईना, पोरं हसली. पंधरा दिवसांनी म्हणाली, मी जाणार नाय. मी तिला मारलं, गुरुजी. कळकीच्या फोकानं मारलं. म्हटलं, हिथं हुशार होतीस, तिथं जाऊन कामचोर झालीस? तुमचा कागद खरा मानला नि माझ्या लेकीला खोटी ठरवली. आज ती मुंबईला लोकांची भांडी घासते. येत्या जूनला अक्षदा त्याच शाळेत जायची हाय. हिचं पण तेच करायचं का?”

गुरुजींना रूपाली आठवली. चुणचुणीत, पुढच्या ओळीत बसणारी. ती शाळा सोडून गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, तेव्हा त्यांनी ‘पालकांची उदासीनता’ म्हणून हळहळ केली होती. आता त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

“मी रोज शिकवतो हो, ठकूबाई,” ते कसंबसं म्हणाले. “एक दिवस चुकवलेला नाही.”

“शिकवता. मी नाय कुठं म्हणते? पण शिकवलेलं लागलं का, ते बघता कुठं? आमची आवणी झाली, रोप लावलं, म्हंजे भात पिकलं, असं कोण म्हणतो का? रोज बांधावर जावं लागतं. खेकड्याचं बीळ एवढंसं असतं, पण त्यातनं पाणी जाऊन सगळं खाचर रितं होतं. दिसलं त्याच दिवशी चिखल दाबला तर रोप वाचतं. रोप सुकल्यावर बांधावर उभं राहून समाधान करायचं, त्याचा काय उपेग?” तिने वही त्यांच्या हातात दिली. “मला अध्यक्ष केलंत ते बघायला केलंत का अंगठ्याला, तेवढं सांगा.”

आणि ती चालू लागली. गुरुजींनी वही उघडली, ते पान रेघ मारून रद्द केलं आणि खाली सही करून तारीख घातली. अकरा वर्षांत त्या वहीतली ती पहिली खाडाखोड.

दुपारी त्यांनी दुसरी ते पाचवीच्या एकेका मुलाला जवळ बोलावून न शिकवलेल्या चार ओळी वाचायला दिल्या. चौदा मुलांतली पाच अडली. त्यातली तिघं त्यांच्या हिशेबी हुशार होती. गुरुजींनी जाड कागद घेतला, जुना आराखडा समोर न ठेवता नवा लिहिला आणि भिंतीवर लावला. मुलांची नावं मात्र भिंतीवर नाही, वहीत ठेवली; त्यांना चारचौघांत उणं कशाला करायचं? भिंतीवर एवढंच होतं: पाच मुलांना अजून वाचता येत नाही. मार्चअखेर यायला हवं. रोज अर्धा तास त्यांच्यासाठी वेगळा. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी उन्हं कलल्यावर समिती बसेल आणि स्वतः ऐकेल.

पहिल्या सभेला सात बाया आल्या. अडचण एकच होती, त्यांतल्या पाचजणींना वाचता येत नव्हतं. पोर बरोबर वाचतंय की थाप मारतंय, हे त्यांनी ओळखायचं कसं? तोड ठकूबाईनेच काढली. प्रत्येकीने घरातलं असं काहीतरी आणायचं की ज्यात काय आहे हे तिला ठाऊक आहे: खताची रिकामी गोणी, गोळ्यांचं पाकीट, दिराच्या लग्नाची पत्रिका. पोराने वाचायचं, आईने ताडून बघायचं. पाठ केलेलं तिथे चालत नव्हतं.

पंधरा दिवस झाले. दोन मुलं जरा सरकली, अक्षदा जागची हलली नाही. गुरुजींचा हात सवयीने लिहायला गेला, ‘प्रगती होत आहे.’ पहिलाच शब्द लिहून त्यांनी पेन थांबवलं, तो खोडला आणि लिहिलं, ‘सुधारणा नाही. उपाय बदलावा.’ 

मग बदलला उपाय. दुसऱ्या दिवशी ते अक्षदाशेजारी मांडी घालून बसले. म्हणाले, “आज तू बोल, मी लिहितो.” ती आधी लाजली. मग म्हणाली, “आई येरवाळी गोठा झाडते. पाडा लाथ मारतो. आई त्याला शिव्या देते.” गुरुजींनी जसंच्या तसं कागदाच्या पट्टीवर लिहिलं, कात्रीने शब्द सुटे केले आणि पत्त्यांसारखे पिसले. आता कानाचा उपयोग नव्हता, डोळ्यांनीच शोधायला हवं होतं. अक्षदाने आधी आपल्या वासराचा ‘पाडा’ उचलला. मग ‘आई’. गोठ्याला जरा वेळ लागला. रोज नव्या पट्ट्या, तिच्याच बोलीतल्या, मग हळूहळू पुस्तकातल्या. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी ती शेजारणीच्या गोणीवरचं अक्षर अन् अक्षर लावून वाचत होती. ठकूबाईने पदराने तोंड पुसलं.

जानेवारीत केंद्रप्रमुख दीपक शेलार शाळा तपासायला आले. आसपासच्या शाळांची देखरेख त्यांच्याकडे. त्यांनी भिंतीवरचा आराखडा दोनदा वाचला, मग गुरुजींना बाजूला घेतलं.

“हे काय लावलंत, उतेकर? केंद्रातल्या सगळ्या शाळा शंभर टक्के दाखवतात. तुम्ही एकटेच असं लिहिणार?”

“आहे तेच लिहिलंय, साहेब.”

“अहो, पट अठरा तुमचा. उद्या वर कुणाच्या डोळ्यावर आलं तर शाळाच उचलतील. मग कुणाला शिकवाल?”

ही भीती गुरुजींनाही होती. ती खोटी आहे असं म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. पण शनिवार होता, ठकूबाई सभेसाठी येऊन पडवीत बसली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

“साहेब, शाळा उचलायला कोण आलं तर आमी वाडी घेऊन महाडला येऊ, भांडू,” ती म्हणाली. “पण आमच्या पोरांना वाचायलाच येत नसंल, तर आमी भांडायचं कशासाठी? भिंती नि पत्र्यासाठी?”

साहेबांनी खुर्ची नको म्हटलं आणि पडवीत खालीच बसले. एकेका मुलाला बोलावून त्यांनी ऐकलं. दोन तास गेले. शेवटी भेटीचा शेरा लिहायची वेळ आली तेव्हा पेन हातात धरून म्हणाले, “उतेकर, ‘कामकाज समाधानकारक’ याशिवाय मी आजवर कुठे काही लिहिलं नाही. मुलाला वाचायला लावून ऐकलं तर नाहीच.” आणि त्यांनी लिहिलं: ‘पाच मुले मागे होती. आज तीन आहेत. जोडाक्षरांसाठी साहित्य पाठवतो. पंधरा दिवसांनी पुन्हा ऐकेन.’ आणि बोलल्याप्रमाणे ते आले.

मार्चअखेर पाचांतली चार वाचू लागली. चौथीतला ओम राहिला. गुरुजींनी तसंच लिहिलं आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्यातलं पहिलं काम म्हणून त्याचंच वाचन धरलं. साल बदलून पाठवायचा कागद आता उरला नव्हता.

जूनमध्ये गुरुजी अक्षदाला आणि ठकूबाईला घेऊन खालच्या शाळेत गेले. अक्षदाला काय येतं, कुठे अडतं, काय केल्यावर सुटतं, हे एका कागदावर लिहून त्यांनी तिथल्या बाईंना दिलं. बाईंनी कागद वाचला आणि अक्षदाला नवं पुस्तक देऊन उभं केलं. ती वाचू लागली. सावकाश, एकेक शब्द लावत. तिसऱ्या ओळीत एका जोडाक्षरावर गाडी अडली. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. दाराबाहेर ठकूबाईने गुरुजींच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. अक्षदाने शब्द पुन्हा पहिल्यापासून धरला, फोडला, जोडला आणि पुढे गेली. धडा संपेपर्यंत ती थांबली नाही.

ठकूबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. “माझ्या रूपालीचं पण असंच ऐकलं असतंत तर, गुरुजी,” ती म्हणाली.

उतेकर गुरुजींनी हात जोडले. “चुकलो, ठकूबाई,” ते म्हणाले.

मंडळी, गुरुजींची चूक न शिकवण्याची नव्हती, न बघण्याची होती. आणि न बघता अंगठा देणारे आपणही त्यात होतो. आपल्या वाडीच्या शाळेत जा. यंदा काय सुधारायचं ठरलंय, ते विचारा. पोराच्या हाती न शिकवलेलं पान द्या आणि ऐका. येत नसेल तर येत नाही असंच लिहा, उपाय ठरवा, पंधरा दिवसांनी पुन्हा ऐका. नाही लागू पडला तर तो बदला. उणं लिहिल्याने शाळेची अब्रू जात नाही. ते झाकलं की एखादं मूल शाळेतून जातं, आणि गेलेलं मूल परत आणायला कुठलाच आराखडा पुरत नाही.