मधल्या दारातून

"टाय थोडा सैल कर ना, गळा लाल झालाय बघ," कोन्सिल्या म्हणाली.

"दुकानदारानं बांधून दिलाय. सुटला तर परत बांधणार कोण?" पोम्पिलिओ म्हणाला आणि मान न वळवता, सगळं अंगच वळवून त्यानं बसच्या खिडकीबाहेर पाहिलं. पूल आला होता. पुलापलीकडे समुद्रात वसलेलं गालीपोलीचं जुनं गाव उन्हात पांढरं दिसत होतं, आणि सगळ्या गच्च्यांच्या वर कॅथेड्रलचं टोक.

त्यांच्या लग्नाला त्या दिवशी पन्नास वर्षं होत होती. मुलगी, मिरेल्ला, दोन महिन्यांपासून मागे लागली होती की हॉटेलात जेवण घालू, चार माणसं बोलावू. कोन्सिल्या बधली नाही. "जेवण कधीही घाल," ती म्हणाली, "मला त्या तारखेला कॅथेड्रलला जायचंय. मी आणि तुझा बाप, बास." मिरेल्लानं बापाकडे पाहिलं. बापानं खांदे उडवले. बायकोच्या मनात काय आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण नवा सूट घ्यायला तो आढेवेढे न घेता गेला, यावरून मिरेल्ला काय ते समजली.

कोन्सिल्याचा जन्म इथलाच, बेटावरचा. बाप मच्छीमार. ती वीस वर्षांची असताना बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातला पंप बिघडला आणि तो दुरुस्त करायला आतल्या बाजूच्या, ऑलिव्हच्या मळ्यांच्या गावातून पोम्पिलिओ आला. पंप एका दिवसात होण्यासारखा होता. त्यानं तो आठवडाभर पुरवला. पुढच्या महिन्यात त्याच पंपाला पुन्हा काहीतरी झालं, आणि तेव्हा जाताना तो आपल्या तीनचाकीत हत्यारांच्या पेटीशेजारी कोन्सिल्यालाही घेऊन गेला.

तेव्हा तिकडे अशी रीतच होती. घरचे नाही म्हणाले की पोरीनं पळून जायचं, दोन दिवस कुणा मावशीआत्याकडे राहायचं, मग घरच्यांना लग्न लावून देण्यावाचून गत्यंतर नसे. लग्न लागे, पण त्याला घंटा वाजत नसत, फुलं नसत, पांढरा झगा नसे. पहाटे, गाव उठायच्या आत, कॅथेड्रलच्या मागच्या, पाद्र्यांचे झगे ठेवायच्या खोलीत दोघांना उभं करत. कोन्सिल्याच्या अंगात राखाडी स्कर्ट होता. बाप होडीवरून तसाच आला होता, बाहीवर माशांचे खवले चमकत होते. आई आलीच नाही. तिनं नंतर एवढंच सांगितलं, "मधलं दार नवरीचं असतं. तू ते टाकून गेलीस. आता चर्चला येशील तेव्हा कडेच्या गल्लीतल्या दारानं येत जा."

पुढे मिरेल्ला झाली तेव्हा हीच आई बसमधून मांडीवर सुपाचं पातेलं धरून आली. जावयावर तिचा इतका जीव जडला की मुलीला बाजूला सारून त्याच्या ताटात वाढायची. ते वाक्य ती बहुधा विसरूनही गेली असेल. कोन्सिल्या विसरली नाही. नवऱ्याच्या गावच्या शाळेत तिनं जन्मभर पोरांसाठी स्वयंपाक केला, आईबापांना माती दिली, दर फेब्रुवारीत बेटाच्या राखणदार संतिणीच्या, सांत आगाताच्या सणाला न चुकता इथं आली, आणि दर वेळी गल्लीतल्या दारानंच आत गेली. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण पाय आपोआप तिकडेच वळायचे.

आजही वळले. फरक इतकाच की आज दार बंद होतं. 'दुरुस्तीचं काम सुरू आहे, समोरून यावे,' अशी पाटी होती. कोन्सिल्या पाटीसमोर नुसती उभी राहिली. आज आपण मधल्या दारानं जायचं, असं ती घरून ठरवून निघाली होती. आणि ऐन वेळी पायांनी दगा दिला होता.

"मग समोरून जाऊ," पोम्पिलिओ म्हणाला. "दार ते दार."

"आत लग्न दिसतंय कुणाचं तरी. ऑर्गन ऐकू येतोय."

"बरंच झालं. फुकटात गाणं ऐकू."

तो पुढे झालासुद्धा. समोरची गल्लीही एवढी अरुंद की कॅथेड्रलचा दर्शनी भाग बघायला मान पार मागे टाकावी लागे. मधासारख्या रंगाचा दगड, त्याच्यावर वेली, वळणं, शंख, कोनाड्याकोनाड्यात संत. पोम्पिलिओ म्हणायचा, ज्यानं हे बांधलं त्याला रिकाम्या भिंतीची भीती वाटत असणार. मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या आणि हिरव्या रेशमी पोशाखातली एक बाई कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होती. या दोघांना बघताच तिनं फोन खाली घेतला.

"मिलानोहून आलात ना? नवऱ्यामुलाचे काका-काकू?"

"आम्ही..." पोम्पिलिओनं सुरुवात केली.

"किती उशीर केलात. मी नोएमीची आत्या. नवरी पुलावर पोचलीय, आत चला आधी, तिच्या आधी बसायला हवं तुम्ही." बोलता बोलता तिनं दोघांच्या पाठीला हात लावला, गरम वारा आत येऊ नये म्हणून लोटून ठेवलेलं भलंमोठं दार खांद्यानं ढकललं आणि त्यांना आत घातलं.

त्यांच्या पाठीमागून ऊन आत शिरलं. आतल्यांना उजेडात दोन आकृत्या तेवढ्या दिसल्या, एक पुरुषाची, एक बाईची, शेजारी शेजारी. वेदीजवळ उभ्या असलेल्या एका माणसानं, ज्याला नवरी दारात दिसताच खूण करायला तिथं उभं केलं होतं, वर ऑर्गनवाल्याला हात केला. ऑर्गन दणाणला. सगळे उठून उभे राहिले.

पोम्पिलिओ जागच्या जागी थिजला. "परत फिरू," तो ओठ न हलवता म्हणाला.

कोन्सिल्याला ते ऐकू आलं, पण ती बघत होती. इतक्या वर्षांत हे सगळं तिनं कडेनं पाहिलं होतं, खांबाआडून, तिरकं. समोरून ते असं दिसतं हे तिला माहीतच नव्हतं. सोनेरी छत दूरवर एका रेषेत गेलेलं, दोन्हीकडे एकही जागा न सोडता लावलेली थोरली तैलचित्रं, ढगांवर बसलेले देवदूत, आणि शेवटी मेणबत्त्यांची झळाळी. आणि मधे वाट, मोकळी.

तिनं नवऱ्याच्या दंडात हात घातला आणि चालायला लागली.

"कोन्सिल्या, हे आपल्यासाठी नाहीये."

"माहितीये."

"मग?"

"मग चालत राहा. मधेच थांबलो तर जास्त वाईट दिसेल."

मागच्या बाकांवरच्या लोकांच्या आधी लक्षात आलं. तिथं खसखस पिकली आणि या दोघांच्या बरोबरीनं, बाकामागून बाक, पुढे सरकत गेली. कुणी फोन काढले. एका म्हाताऱ्यानं पोम्पिलिओला डोळा घातला. कोन्सिल्या डावीकडच्या तिसऱ्या खांबापाशी आली. तिथं तिची आई बसायची, कडेच्या जागेवर, डोक्यावरच्या रुमालाची गाठ हनुवटीखाली आवळून. आता तिथं एक तरुण बाप उभा होता आणि त्याच्या खांद्यावर एक गुबगुबीत बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं. कोन्सिल्यानं त्या जागेकडे बघून मान किंचित लववली, रस्त्यात ओळखीचं माणूस भेटल्यावर लववावी तशी, आणि पुढे गेली.

टाळ्या कुणी सुरू केल्या कळलं नाही. पण त्या थट्टेच्या नव्हत्या, हे पोम्पिलिओच्याही ध्यानात आलं असावं, कारण वेदीपर्यंत पोचेतो त्याची पाठ ताठ झाली होती.

निळ्या सुटातला नवरामुलगा घामेजल्या चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत होता. "फादर," तो पाद्र्याला म्हणाला, "ही माझी नाही." पुढच्या रांगा हसून कोसळल्या. वरच्या ऑर्गनवाल्यानं खाली वाकून पाहिलं आणि सूर अर्ध्यावरच सोडून दिला.

पाद्री तरुण होता. तो पायऱ्या उतरून खाली आला. "कुणाकडचे तुम्ही, आजी?"

"कुणाकडचेच नाही, फादर. चुकून घातलं आम्हाला आत. आमचं लग्न झालेलं इथं, म्हणून आलो होतो बघायला."

"इथं? या वेदीपुढे?"

"नाही. तिथं." तिनं वेदीच्या उजवीकडच्या लहानशा दाराकडे बोट केलं.

पाद्र्यानं दाराकडे पाहिलं. त्या दाराचा अर्थ त्याच्या आजीच्या पिढीनं त्याला सांगितलेला असणार. "झग्यांच्या कपाटाजवळ?"

"त्या कपाटाचं दार मिटत नव्हतं," पोम्पिलिओ मधेच म्हणाला. "फादरनी एका हातानं ते धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं आम्हाला आशीर्वाद दिला."

"अजूनही मिटत नाही," पाद्री म्हणाला. मग त्यानं दोन्ही हात वर केले, त्या दोघांच्या डोक्यांवर ठेवले आणि काहीतरी अगदी हळू पुटपुटला. "हा तेव्हाचा राहिलेला हात," तो म्हणाला. "आता बसा इथं, पहिल्या रांगेत. नवरी येतेय."

नोएमी दारात आली तेव्हा आत्यानं तिला घडलेलं सांगितलेलं दिसलं, कारण ती डोळे पुसत हसत होती. बापाच्या हाताला धरून ती वेदीपाशी आली आणि क्षणभर कोन्सिल्याकडे वाकली.

"बरं झालं आजी, तुम्ही पुढं चालून दाखवलंत. मला सकाळपासून पाय उचलवत नव्हता."

"मलाही," कोन्सिल्या म्हणाली.

लग्न लागलं. मिलानोचे खरे काका-काकू मधल्या वेळात येऊन मागे कुठंतरी बसले होते आणि जरा फुगले होते. बाहेर तांदूळ उधळले गेले, घंटा वाजायला लागल्या, आणि हिरव्या पोशाखातली आत्या माफी मागत मागत हट्टालाच पेटली की जेवायला यायचंच, समुद्राकडच्या तटावर टेबलं मांडलीत, लाल कोळंबी आहे, आमचे पाहुणे समजा स्वतःला. कोळंबीचं नाव निघाल्यावर पोम्पिलिओला आग्रह करायची गरज उरली नाही.

वऱ्हाड पुढे निघून गेलं. ही दोघं सावकाश मागून चालली. गल्लीत घंटांचा आवाज भरून राहिला होता. बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी बोलावं लागत होतं, आणि अशा वेळी कोन्सिल्यानं त्याला आईचं ते वाक्य सांगितलं.

पोम्पिलिओ थांबला. "मला वाटायचं, बसवरून येताना ते दार जवळ पडतं असा तुझा समज आहे."

"लांब पडतं. कॅथेड्रलला वळसा घालून जावं लागतं."

"पन्नास वर्षांत बोलली नाहीस."

"बोलून काय झालं असतं? तू काय मला दुसरं दार बसवून देणार होतास?"

"नाही," तो म्हणाला. "पण तुझ्याबरोबर वळसा घालताना मी निदान कुरकुर तरी केली नसती."

ती हसली, पण त्याचा चेहरा हसरा नव्हता. गल्ली संपली, समोर निळाशार समुद्र उघडला, तटावरच्या मंडपातून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज यायला लागला. कोन्सिल्या भिंतीला टेकली. आजच्यासाठी घेतलेल्या नव्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. तिनं बूट काढले आणि तापलेल्या दगडावर मोज्यांचे पाय ठेवून समाधानानं डोळे मिटले.

गावात चारचौघांत पोम्पिलिओनं आजवर तिची भाजीची पिशवीसुद्धा धरली नव्हती. पुरुषमाणसानं धरायची पद्धत नाही म्हणून. आता तो वाकला, नवा सूट, न सुटलेला टाय, गुडघ्याची कळ, सगळं सांभाळत वाकला, तिचे दोन्ही बूट त्यानं एका हातात घेतले, दुसरा हात तिच्यापुढे केला, आणि मंडपातली शंभर माणसं बघत असताना तसाच तिला घेऊन आत गेला.