एकट्या गाडीचं सामान

थोरल्यानं काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली आणि जाहीर केलं, "एकट्या गाडीचं सामान दाखव."

दुकानदारानं मान वर करून पाहिलं. हा आणि याचा धाकटा भाऊ दलदलीपलीकडच्या तळ्यावर प्रवासी न्यायचे ते नेहमी दोन गाड्यांनी. एक रुतली की दुसरी ओढायची. आता दोघं वेगळे झालेत, हे त्याच्या कानावर आलं होतंच. असल्या बातम्या कुठल्याच चिखलात अडत नाहीत.

निमित्त झालं एका लोखंडी गोळ्याचं. ट्रेलर जोडायचा गाडीमागचा तो गोळा रुतलेली गाडी ओढायला वापरायचा नसतो, हे थोरल्याला पाठ होतं. नव्या ड्रायव्हरांना तोच दरडावून सांगायचा. पण त्या दिवशी प्रवासी कुरकुरत होते, चिखलात वाकून हूक शोधायचा त्याला कंटाळा आला, आणि धाकट्याच्या रुतलेल्या गाडीचा दोर त्यानं आपल्या गाडीच्या गोळ्यालाच अडकवला. जोर लावताच गोळा तुटला, धाकट्याच्या गाडीची पुढची काच फोडून आत आला आणि त्याच्या कानाजवळून मागच्या सीटमध्ये घुसला. धाकटा खाली उतरला. तेव्हा "चुकलं" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण थोरलेपण आडवं आलं. "तूच क्लच उशिरा सोडलास," असं म्हणून तो मोकळा झाला.

तेव्हापासून अबोला. ती काच फुटल्याचा आवाज अजून झोप मोडतो, हे थोरल्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दुकानदारानं चाकांखाली सारायच्या खाचांच्या फळ्या मांडल्या, फावडं ठेवलं, टायरमध्ये हवा भरायचा पंप ठेवला. थोरल्यानं फळी वाकवून पाहिली, फावड्याचा दांडा आखूड म्हणून नाक मुरडलं. ताणला जाणारा जाड दोर समोर आला, तसा त्यानं तो बाजूला सारला.

"हा नको. ओढायला दुसरी गाडी लागते."

"धाकटा परवा हाच घेऊन गेला," दुकानदार म्हणाला. "फक्त हाच."

"फळ्या नाही घेतल्या?"

"नाही."

"अरे, मग त्याला सांगायचंस ना. एकट्या गाडीला हा दोर काय कामाचा?"

"सांगितलं की. म्हणाला, दादा आहे ना ओढायला."

थोरला दोराचं टोक उगाचच उलगडत बसला. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"चूक माझी होती," तो म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग?" दुकानदार म्हणाला, आणि फळ्या बांधायच्या तशाच राहू दिल्या.

थोरला फोन घेऊन दाराशी गेला. काय बोलायचं ते त्यानं मनात नीट जुळवलं, एकदा खाकरला, मग नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"दादा, कुठे रुतलास?"

जुळवलेलं सगळं तो विसरला.

"रुतलो नाही रे," तो म्हणाला. "दुकानात आहे. तो दोर मी गोळ्याला अडकवला, ते चुकलंच माझं."

पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू आली. धाकट्यानं गाडी केव्हाच सुरू केली होती.