गाळलेल्या पाण्यातला कांदा

तात्यासाहेब चौगुल्यांनी आयुष्यातला पहिला कांदा हातात धरला, तेव्हा त्यांना सत्तरावं लागलं होतं. धरला तोही असा, की बघणाऱ्याला वाटावं, सापाचं अंडं आहे आणि आत कुणीतरी जागं आहे.

कांदा सुनेच्या अभ्यासाचा होता. कस्तुरी सांगलीजवळच्या कुपवाडात हळद पावडरीच्या कारखान्यात पॅकिंगला होती, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. गावात तेवढंच होतं म्हणून तिनं बारावी आर्ट्‌समधून केली होती. आता बत्तिसाव्या वर्षी तिला नर्स व्हायचं होतं, आणि नर्सिंगच्या डिग्रीला सायन्सची बारावी लागते. म्हणून मुक्त विद्यालयातून फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी पहिल्यापासून सुरू. नवरा जिनेंद्र चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी यायचा. घरात सासरे आणि सहा वर्षांची ब्राह्मी. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं व्हायची, मग एकाच सतरंजीवर लेकीचे पाढे आणि आईची मूलद्रव्यं. परिणामी ब्राह्मीला बेचा पाढा यायच्या आधी हायड्रोजन, हेलियम, लिथियम यायला लागलं. शाळेतल्या बाईंनी वहीत शेरा लिहिला, 'मुलगी परक्या भाषेत बोलते.'

बायॉलॉजीचं प्रॅक्टिकल शुक्रवारी, साताऱ्याच्या केंद्रावर. मुळं फुटलेला कांदा ज्यानं त्यानं आणायचा, कारण मागल्या वर्षी केंद्रानं आणलेले कुजले होते. मुळाच्या कोवळ्या टोकात एका पेशीच्या दोन पेशी होताना दिसतात, त्या मायक्रोस्कोपखाली दाखवायच्या. प्रॅक्टिकल हुकलं की वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षी रजा मिळेल की नाही, हे कारखान्यालाही ठाऊक नव्हतं.

अडचण एकच होती. चौगुल्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कांदा, बटाटा, मुळा यांतलं काही आलं नव्हतं. त्यात तात्यासाहेब म्हणजे साधे जैन नव्हेत. बाहेरच्या सोप्यात त्यांचं मानपत्र टांगलेलं होतं. एकोणीसशे त्र्याहत्तर साली साताऱ्यात पी. डी. सायन्सला, म्हणजे तेव्हाच्या बारावीला असताना, बेडूक कापायच्या ऐन परीक्षेत त्यांनी त्या जिवाला अभयदान दिलं आणि कॉलेजला कायमचा रामराम ठोकला. 'जीवदयेसाठी विज्ञानाचा त्याग' असं त्यावर छापलेलं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सत्कार झाला होता, नारळ मिळाला होता, पुढं लग्न जमायलाही बेडूकच उपयोगी पडला. कस्तुरी त्या मानपत्राची काच दर रविवारी पुसत असे.

"मामा," सोमवारी तिनं सासऱ्यांना भीत भीत विचारलं, "घरात न्हाई आणत. गेटाभाईर, पाण्याच्या मीटरच्या पेटीवर ठिवला तर चालंल?"

तात्यासाहेबांनी मानपत्राकडे पाहिलं. मग सुनेच्या नखांत बसलेल्या हळदीकडे पाहिलं.

"पाणी कोण बदलणार? तू तर कामावर."

"तेच की."

"मी बघतो."

तर असा कांदा आला. शेजारच्या आप्पासोंनी दिला. आप्पासो जतकडचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तात्यासाहेबांनी कांदा ग्लासात ठेवला आणि दिवसातून तीनदा पाणी बदललं. पाणी अर्थातच कापडानं गाळलेलं. ह्या घरात न गाळलेलं पाणी माणसाला देत नाहीत, कांद्याला का द्यावं? अवघ्या महाराष्ट्रात इतकं स्वच्छ पाणी प्यालेला दुसरा कांदा नसेल. पण गुरुवार आला तरी एक मूळ दिसेना.

दुपारी आप्पासो गेटाशी थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"तात्यासायेब, ह्येनं काय गुन्हा केलाय?"

"कुणी?"

"कांद्यानं. उलटा टांगलाय की! बूड वर, शेंडा पाण्यात. मुळं काय आभाळाला फुटायची हायती?"

"टोक खाली असतंय न्हवं?" तात्यासाहेब म्हणाले. "भवऱ्यागत."

आप्पासो कंपाउंडला धरून खाली बसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "आवं, जल्मात कांदा बघितला न्हाईसा व्हय!"

"न्हाई," तात्यासाहेब म्हणाले. ते खरंच होतं.

साडेपाचला कस्तुरी आली. ग्लासातला पांढरा पडलेला शेंडा तिनं बघितला. आत जाऊन ब्राह्मीचा डबा घासला, मग उद्याच्या कामाचा ड्रेस काढून खुंटीला लावला.

"उद्या सातारा न्हवं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे मामा. तुमी जीवदयेपायी कालेज सोडलंसा, आणि तुमच्याच दारात मी कांदा आणला. पटलं नसंल वर कुणाला. कामावर जाते. पॅकिंग काय वाईट हाय?"

हे ऐकून तात्यासाहेबांपुढं त्र्याहत्तर साल उभं राहिलं. तोच लांब हॉल, फॉर्मलिनचा वास, खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा. पुढ्यात ट्रेमध्ये बेडूक, आणि ट्रेपुढे आदल्या रात्री पुस्तकाऐवजी सर्कस बघून आलेला सतरा वर्षांचा तात्या.

"कस्तुरी," ते म्हणाले, "मी बेडकाला सोडलं न्हाई. बेडकानं मला सोडलं."

"म्हंजे?"

"क्लोरोफॉर्म कमी पडला. अभ्यास शून्य. तेवढ्यात ते उठलं आणि मास्तरांच्या वहीवरनं खिडकीतनं भाईर. मी दारातनं भाईर. थेट एसटी स्टँड. घरात काय सांगायचं? नापास हुतो म्हणून पळालो म्हटलं, तर वडलांनी जोडा घेतला असता. म्हटलं, हिंसा बघवंना. तर वडील रडाय लागले. गळ्यात पडले. मग सांगायचंच ऱ्हायलं."

"पन्नास वर्षं?"

"मधी मधी सवड न्हवती."

कस्तुरीनं मानपत्राकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावला. रडते की हसते हे तात्यासाहेबांना काही वेळ कळेना.

"बेडकाच्या काळजाला तीन कप्पे असत्यात," ते हळूच म्हणाले. "आजून पाठ हाय. कुणाला सांगू? पळायला एक मिनिट लागलं गं. पण पुढं दर साली परीक्षेचे दिवस आले, की मी मनात त्या हॉलमधी जाऊन बसायचो. तू न्हाई असं बसायचं."

सूर्य टेकायला आला होता. ते तडक आप्पासोंच्या घरी गेले. त्यांची बायको सुलाबाई पाटीतले कांदे निवडत होती. ओल लागून तळाच्या एकाला मुळं फुटली होती, म्हणून तिनं तो टाकाऊत काढला होता. तात्यासाहेबांनी तो दोन्ही हातांत घेतला.

"ह्येचं बूड कुठलं, तेवढं खूण करून दे बाई."

पहाटेच्या एसटीत सांगलीपासून साताऱ्यापर्यंत तात्यासाहेब मांडीवर ग्लास धरून बसले. शेजारी ब्राह्मी, पुढच्या सीटवर पुस्तकात डोकं घातलेली कस्तुरी. कंडक्टरनं वाकून बघितलं.

"काय ओ आजोबा, कांदा?"

"परीक्षेला निघालाय," तात्यासाहेब म्हणाले.

केंद्र त्यांच्या जुन्या कॉलेजात नव्हतं, पण व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि वास तोच आला. ते भिंतीकडेच्या बाकावर बसले. ब्राह्मीला त्यांनी मेसमधली पातळ आमटी सांगितली, थंडीत एकाच स्वेटरवर कॉलेजला पाळीपाळीनं जाणारे तिघे दोस्त सांगितले, ग्राउंडमागची विहीर सांगितली. ब्राह्मी झोपली. तरी ते सांगत राहिले.

बाराच्या सुमारास कस्तुरी बाहेर आली. बोटांना स्लाइडचा लाल रंग लागलेला.

"दिसली?"

"लय शोधलं मामा. सगळ्या गप्प बसलेल्या पेशी. वेळ संपत आलेला. मग कोपऱ्यात एक सापडली, मधोमध दुभंगलेली. परीक्षेच्या बाईंनी बघितलं, म्हणाल्या, चांगलंय."

तात्यासाहेबांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले.

परतीच्या एसटीत तिघं एकाच सीटवर बसली. ब्राह्मीनं विचारलं, "आजोबा, तो बेडूक पुढं कुठं गेला?"

"इथंच ऱ्हायला. साताऱ्यात. नातवंडं असतील त्याला."

"तुमी का न्हाई ऱ्हायला?"

ह्याला उत्तर होतं, पण कस्तुरीला झोप लागली होती. वर्षभरात दिवसाउजेडी पहिल्यांदाच. तिचं डोकं हळूहळू त्यांच्या खांद्यावर आलं. तात्यासाहेब हलले नाहीत. कराड आलं, गेलं. मांडीवर ग्लास होता, ग्लासात मुळं कापून उरलेला कांदा, आणि खड्डा आला की ते ग्लास अलगद वर उचलत होते.