शांभवीच्या टिचकीशिवाय

"अक्का, तिथं डिस्कचं नाव लिहू नका. दुसरी डिस्क जोडली की नावं सरकत्यात. तिचा यूयूआयडी लिहा, तो कायमचा नंबर अंगावरच्या तिळासारखा असतोय, कुठंबी जोडा, सुटत न्हाय."

माझी धाकटी जाऊ शांभवी हे सांगत होती तेव्हा माझी तेजू तिच्या मांडीवर बसून तिच्याच बांगड्या चघळत होती. मी म्हटलं, "बी.एस्सी. झालीय मी. एक ओळ लिहिता येतीय की."

शांभवी घरूनच नोकरी करायची, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जायचे. त्यामुळं दिवसभर तेजू तिच्याकडं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्सही तिनंच घातलेलं. तेजूचे सगळे फोटो त्यातल्या दुसऱ्या डिस्कवर. पण कॉम्प्युटर सुरू झाला तरी ती डिस्क आपण होऊन उघडायची नाही. तिच्या चित्रावर टिचकी मारून पासवर्ड द्यावा लागायचा. रोज सकाळी शांभवी टिचकी मारायची, फोटो पडद्यावर फिरायला लागायचे आणि तेजू टाळ्या पिटायची. डबा भरता भरता मी बघायचे. पोरगी माझी, फोटो मी काढलेले, आणि टाळ्या हिला!

म्हणून मी ठरवलं, डिस्क सुरुवातीलाच आपोआप उघडली पाहिजे. त्यासाठी एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची असते. ती लिहिली. यूयूआयडी वगैरे काही नाही, सरळ डिस्कचं नाव. दुसऱ्या दिवशी शांभवी सवयीनं पुढं झाली तर फोटो आधीच फिरत होते.

"आता तुझ्या हाताची गरज न्हाय," मी म्हटलं.

"बरं झालं की, अक्का," ती हसली. तेजूला माझ्याकडं दिलं आणि चहा टाकायला गेली. तेजू मात्र फोटो सोडून स्वयंपाकघराकडं बघत "चिकव्वा, चिकव्वा" करत राहिली. शांभवीच्या माहेरी गडहिंग्लजकडं काकूला चिकव्वा म्हणतात. माझ्या पोरीला अजून 'आई' नीट येत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात शांभवी आणि दीर कोडोलीला राहायला गेले. दिरांना तिथून काम जवळ पडतं, असं सासूबाई म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग जागा पुरेना म्हणून ह्यांनी कॉम्प्युटरला नवी डिस्क जोडली. सकाळी बटण दाबलं, तर पडदा काळा. बराच वेळ वाट बघून पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि कॉम्प्युटर तिथंच अडून बसला.

"काय केलंस गं?" हे ओरडले. "शांभवीला फोन लाव!"

लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला, तेच. नावं सरकली होती, तिनं सांगितलं होतं तशीच. माझी ओळ आता भलत्याच डिस्कला हाक मारत होती. त्याच काळ्या पडद्यावर पासवर्ड देऊन मी यूयूआयडी शोधला, एकेक अक्षर पडताळून ओळीत घातला, कॉम्प्युटर परत चालू केला. डिस्क उघडली.

फोटो शाबूत आहेत ना, हे बघताना 'दुपार' नावाचं फोल्डर दिसलं. शांभवीनं केलेलं. आजवर मी ते उघडलं नव्हतं. त्या दोघींचं हसणं मला बघायचं नव्हतं. आता उघडलं. पहिल्याच व्हिडिओत तेजू दोरीवरच्या माझ्या साडीत तोंड खुपसून उभी, आणि मागून शांभवीचा आवाज: "कुणाची साडी? आईची. म्हण, आई." दुसऱ्या व्हिडिओतही तेच. तिसऱ्यातही. तेजू दरवेळी दाराकडं बोट दाखवते.

त्याला आता चार दिवस झाले. शांभवी अजून फोन उचलत नाही. दीर म्हणतात, "कामात असंल, वहिनी." पण ती कामातसुद्धा माझा फोन उचलायची.

तुमच्यापैकी कुणी कोडोलीला जाणार असाल, तर तिच्याकडं एकदा डोकावून या. बरी आहे का, जेवते का, बघा. मी पाठवलंय म्हणून सांगा, चालेल. फक्त तेजू रोज सकाळी तिला शोधते, एवढं सांगू नका.