तिसरा पडदा

दोन्ही पडद्यांवर चित्र उमटलं तेव्हा भाई लोके टेबलाखालून बाहेर आले आणि गुडघे झाडत म्हणाले, "घे, इला!"

आकांक्षाने माउस हलवला. डाव्या पडद्यावर बाण हलला, उजव्यावरही तस्साच हलला.

"बाबा, दोनय थंय एकच दिसता."

"मगे? सारख्या दिसता मा? मुंग्यो नाय, पट्टे नाय."

"तसा नको माका. ह्या पडद्यार हॉस्पिटलचा बिल व्हया, त्या पडद्यार पॉलिसी, आणि लॅपटॉपार मी लिवतलंय. तीन थंय तीन वेगळा."

भाईंनी हातातल्या चपट्या डबीकडे पाहिलं. एका बाजूने एक वायर आत, दुसऱ्या बाजूने दोन बाहेर. देवगडच्या दुकानातून ती त्यांनी मोठ्या विश्वासाने आणली होती, कारण असल्या डब्या वापरण्यातच त्यांचा जन्म गेला होता. मिठबाव गावात केबल टीव्ही आणला तो भाईंनी. घराच्या कौलांवर छत्री, आणि तिथून माडामाडांवरून वायर ओढत नेऊन एकशे चाळीस घरांत चित्र. लोकेंच्या घरात जे दिसेल तेच बंदराजवळच्या हिराच्या खोपीत दिसलं पाहिजे, आणि तितकंच स्वच्छ. शेजारणीकडे बरं दिसतं नि आपल्याकडे मुंग्या, असं झालं की बायका पदर खोचून दारात यायच्या. पुढे घरोघरी कंपन्यांच्या छत्र्या आल्या, मग फोन आले, आणि भाईंचं काम दुरुस्तीपुरतं उरलं. तरी अजून कोणाचा टीव्ही रुसला की लोक म्हणत, भाईक बोलवा, भाईच्या हाताक चित्र येता. आता एकाच माणसाला एकाच वेळी तीन वेगळी चित्रं हवी असतील, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"जावंदे बाबा," आकांक्षा म्हणाली. "नाय जमला तर नाय."

"नाय कसा जमाचा?" भाई म्हणाले, आणि पुन्हा टेबलाखाली गेले.

गोष्ट साधी होती. आकांक्षा पुण्याच्या एका कंपनीत आरोग्यविम्याचे दावे तपासायचं काम करायची. टाळेबंदीत पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आली ती पाच वर्षं घरीच राहिली. आता कंपनीने सगळ्यांना दोन-दोन पडदे पाठवले होते आणि सोबत पत्र: एक तारखेपर्यंत लॅपटॉपसकट तिन्ही पडदे चालू असल्याचा फोटो धाडा, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा. पडदे येऊन महिना झाला होता. एक तिने जोडला, दुसरा खोक्यातच. लॅपटॉपला चित्राचं भोक एकच आहे, हे तिने घरात सांगितलं ते गेल्या आठवड्यात.

त्या दिवसापासून जानकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिची सगळी मदार लेकीवर. "ता चेडू हयसर आसा म्हणान मी उभी आसंय," ती येईल-जाईल त्याला सांगायची. भाईंकडे बघून मात्र एवढंच म्हणायची, "तुमी आसास मा. मगे कसली काळजी!"

भाईंना हे बोलणं अंगावर मूठभर मांस चढवणारं वाटे. पोरगी राहावी असं त्यांनाही वाटत होतंच. सकाळी ती खोलीत बसून इंग्रजीत कोणाकोणाशी बोलायची, तो आवाज अंगणात ऐकू आला की त्यांना घर भरल्यासारखं वाटायचं.

डबी हुकली तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. लॅपटॉपला बाजूला एक बारीक चपटं भोक होतं, टाइप-सी म्हणतात ते. त्यातूनही चित्र निघतं असं फोनवर एका व्हिडिओत सांगत होते. भाईंनी तशी जोडणी आणली, लावली. पडद्यावर 'नो सिग्नल' आलं आणि पडदा काळा झाला. वायर बदलली, पडदा बदलला, लॅपटॉप बंद करून चालू केला. काळा तो काळाच. जानकी दाराशी उभी राहून सगळं बघत होती, ते भाईंच्या जास्तच जिव्हारी लागलं.

त्या संध्याकाळी आकांक्षा मागच्या दारी बांगडे साफ करताना गुणगुणत होती. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून पोरगी हसरं तोंड ठेवते, असं भाईंच्या मनात आलं आणि त्यांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते कणकवलीला गेले. तिथे ओमकारचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने भाईंच्या फोनमधला लॅपटॉपचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"भाईनू, सगळ्या टाइप-सीतसून चित्र येणा नाय. ह्येचा भोक फक्त चार्जिंगाक आणि डेटाक."

"मगे हात टेकूचे?"

"हात कित्याक टेकतास? यूएसबीतसून चित्र काढणारो अडॅप्टर मिळता. तेच्या पोटात चित्राची चिप आसता. लॅपटॉपात तेचो प्रोग्राम एकदा टाकूचो, मगे तिसरो पडदो आपलो आपण उघडता." बोलता बोलता तो थांबला. "पण भाईनू, तुमच्या आकांक्षान तोच नेल्यान मा? मागच्या म्हयन्यात. मीच काढून दिलंय, वायरीसकट."

भाई काउंटरवरच्या काचेकडे बघत राहिले.

"व्हय व्हय," मग ते म्हणाले. "घरात आसा. माझ्या ध्यानात रवाक नाय."

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते त्यांना कळलं नाही. अडॅप्टर बिघडला असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. किंवा पोरीला लावता आला नसेल. मग तसं सांगायला काय झालं होतं?

घरी कोणी नव्हतं. जानकीला गुडघा दाखवायला घेऊन आकांक्षा देवगडला गेली होती. भाई तिच्या खोलीत गेले आणि टेबलाच्या खणासमोर उभे राहिले. इतकी वर्षं ते लोकांच्या घरांत शिरले, माजघरापर्यंत गेले, पण कोणाच्या कपाटाला, खणाला त्यांनी कधी हात लावला नाही. हा नियम त्यांना कोणी घालून दिला नव्हता. तो त्यांचा होता. आज त्यांनी खण ओढला तेव्हा कान तापले. वरती वह्या, त्यांच्याखाली चार्जर, आणि अगदी मागे पांढरं खोकं.

लॅपटॉपचा पासवर्ड तिनेच दिला होता. भाईंनी अडॅप्टर लावला, वायर जोडली, दुसरं टोक काळ्या पडद्यात खुपसलं आणि प्रोग्राम कुठून टाकायचा ते शोधायला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. त्याची गरजच पडली नाही. पडदा एकदा काळा झाला, आणि लख्खकन उघडला.

तिन्ही पडदे चालू होते. तीन ठिकाणी तीन वेगळं. भाईंनी माउस सरकवला. बाण डाव्या पडद्यावरून निघाला, लॅपटॉपवरून चालत गेला आणि उजव्या पडद्यावर पोचला. त्यांनी तो परत आणला, परत नेला. गावातल्या पहिल्या घरात पहिलं चित्र दिसलं होतं त्या दिवशी झाला होता तसा आनंद त्यांना झाला. ते खुर्चीवर बसून चार-पाच वेळा बाण इकडून तिकडे चालवत राहिले, एकटेच हसले.

आणि मग हसू आटलं. प्रोग्राम आधीच टाकलेला होता. म्हणजे तिने हे लावून पाहिलं होतं. तिन्ही पडदे उजळलेले तिने याच खुर्चीत बसून पाहिले होते, आणि मग सगळं काढून, खोक्यात भरून, वह्यांच्या मागे लपवलं होतं.

तेव्हा त्यांना बांगडे साफ करतानाचं ते गुणगुणणं आठवलं. पाच वर्षांत तिच्या मैत्रिणी पुण्यात राहिल्या, लग्नं झाली, नोकऱ्या बदलल्या. ही मात्र या खोलीत, खिडकीबाहेरच्या माडाकडे तोंड करून लोकांची आजारपणं वाचत बसली. माका जावचा आसा, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण ते म्हणायचं कोणाला? लंगडत चुलीपाशी जाणाऱ्या आईला, की दिवसभर टेबलाखाली शिरणाऱ्या बापाला? पोर बोलली असती तर घर दुखावलं असतं. लॅपटॉप नाही म्हणाला तर कोणाला लागणार होतं!

भाईंना राग आला नाही. आपल्याला इतकं टेबलाखाली लोळायला लावलं याचंही त्यांना फारसं वाटलं नाही. वाईट वाटलं ते एवढंच, की घरातल्या घरात पोरीला असं लपवावं लागलं. बराच वेळ ते तिन्ही पडद्यांसमोर बसून होते. बाहेर रिक्षाचा आवाज आला तसे ते उठले, सगळं सोडवलं, वायर गुंडाळली, खोकं होतं तसं मागे सारलं आणि खण लावून अंगणात आले.

चहा झाला, भाईंनी कप हातात घेतला. मग कपाकडे बघत म्हणाले, "बाय, माझ्यान नाय जमाक."

"काय नाय जमाक?" जानकीनेच विचारलं.

"तिसरो पडदो. कणकवलेकय इचारलंय. ह्या लॅपटॉपाक जमाचा नाय."

आकांक्षाचा हात कपावरच राहिला. तिने बापाकडे नीट पाहिलं. भाई चहात बटर बुडवत होते.

"अख्ख्या गावाक चित्रां दाखवलात," जानकीचा आवाज फुटला, "आणि घरच्या चेडवाक एक पडदो जोडून देवक नाय जमलो तुमका?"

"नाय जमलो," भाई म्हणाले.

आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं. बटर चहात पडलं ते त्यांनी चमच्याने काढून खाल्लं. चार दिवसांत ते वाक्य गावभर झालं. हिरा माशांची पाटी घेऊन दारात आली आणि तोंडावर म्हणाली, "भाईनू, आता तुमचो हात रवलो नाय." भाई तिला म्हणाले, "वय झाला गो."

आकांक्षाच्या जाण्याआधी आणखी एक गोष्ट त्यांनी न बोलता केली. ओळीत तिसऱ्या घरातली सारिका सकाळ-संध्याकाळ येऊन जानकीला हातभार लावील, असं ठरवून आले. जानकीने आधी नाक मुरडलं, मग सारिकाला कोणतं भांडं कुठे असतं ते दाखवायला लागली.

एकतीस तारखेला आकांक्षा निघाली. थांब्यावर तिने वाकून नमस्कार केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात एसटी आली. भाईंनी बॅग वर चढवून दिली. "पावलंस काय फोन कर," एवढंच म्हणाले.

गाडी वळणाआड गेली, आणि घराकडे परतताना भाई मधेच उभे राहिले. त्या दुपारी रिक्षाचा आवाज ऐकून घाईने वायर गुंडाळली होती ती त्यांना आठवली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, आणि वरून गाठ. हिराच्या नवऱ्याने शिकवलेली ती जाळ्याची गाठ. माडावर वारा कितीही मारो, ती सरकत नसे. भाईंनी बांधलेली प्रत्येक वायर गाव त्या गाठीवरून ओळखायचं. खोक्यातली वायर खण उघडला तेव्हा कागदी पट्टीने बांधलेली होती.

"घातलंय घोळ," ते स्वतःशीच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. जानकी आधी बोलली: जेवण, खोली, पाणी कसं आहे. मग फोन भाईंकडे आला. ते तो घेऊन अंगणात गेले.

"बाबा, आज ऑफिसात अडॅप्टर काढलंय," आकांक्षा म्हणाली, आणि थांबली. "वायरीक तुमची गाठ आसा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सुटना नाय, बाबा."

"ओढू नको," भाई म्हणाले. "धाकट्या फेऱ्यात नख घाल, वायच ढिलो कर. सुटता."

थोडा वेळ वायरीची सळसळ ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "सुटली."

"चित्र येता?"

"येता. तिनय पडद्यांर."

"बरा," भाई म्हणाले. "काम कर मगे." त्यांनी फोन ठेवला आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला.

जानकी दारातच उभी होती. "काय म्हणता?"

"तिनय पडदे लागले म्हणता."

"बघा! थंयल्या मानसांका जमला," जानकी म्हणाली. "तुमका मेलो एक नाय जमलो."

"व्हय," भाई म्हणाले. हिराच्या टीव्हीत सकाळपासून मुंग्या येत होत्या. त्यांनी खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढली आणि बंदराच्या वाटेला लागले.