बेटावरचा खुनी

कॅसेटवाल्यांच्या घरात एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होता: मालिका दोघांनी मिळून बघायची, एकट्याने पुढे जायचं नाही. बाकी सगळ्याला माफी होती. ओला टॉवेल पलंगावर पडला की भांडण व्हायचं आणि चहाबरोबर मिटायचं. पण चोरून पुढचा भाग बघणं म्हणजे आपल्याच घरात घरफोडी, असं कॅसेटवाले म्हणायचे.

हे नाव त्यांना दुकानावरून पडलेलं. एके काळी ते व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचे, आणि गल्ल्यामागे ठळक अक्षरांत पाटी होती: 'शेवट सांगणाऱ्यास कॅसेट मिळणार नाही.' एकदा बँकेतल्या एका साहेबांनी रांगेत उभ्या उभ्या सिनेमात विष कोणी घातलं ते बोलून टाकलं, तर यांनी साहेबांना दंडाला धरून बाहेर काढलं. पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या आणि दुकानाला कुलूप लागलं. नाव तेवढं चिकटून राहिलं.

बायको वाचनालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करायची, म्हणून ती बाइंडरबाई. रहस्यकथा सगळ्यात जास्त फाटतात, त्यामुळे तिच्या टेबलावर कायम खुनांचा ढीग पडलेला. कोणीतरी दीडशहाणा पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. ते ती आधी खोडरबराने पुसायची आणि मगच सुईत दोरा ओवायची. इतकी पुस्तकं शिवून तिला गुन्हेगार हेरायची नजर आली होती. मालिका अर्ध्यावर आली की दोघं आपापला खुनी जाहीर करायचे आणि तिचा हमखास बरोबर निघायचा. कॅसेटवाले दर वेळी तोंडघशी पडायचे.

"इतके सिनेमे विकत आणलेत, तुम्हाला एकही खुनी ओळखता येऊ नये?" ती विचारायची.

"म्हणून तर दुकान चाललं," ते म्हणायचे. "ज्याला कळत नाही, तो सांगणार काय?"

बेटावरची मालिका अशीच अर्ध्यावर आली होती. दीपगृहाच्या रखवालदाराचा खून झालेला, बेटावर मोजकीच माणसं. तिने होडीवाला धरला. त्यांनी बोट ठेवलं ते पियानो शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंवर. बाइंडरबाई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. त्याच आठवड्यात एका सकाळी कॅसेटवाले न्हाणीघरातून बाहेर येताना भिंत धरून उभे राहिले, आणि तिथून जे इस्पितळात गेले ते तिथेच अडकले.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बाइंडरबाईला वऱ्हांड्यात बोलावून घेतलं. आता त्यांचा त्रास कमी ठेवायचा, एवढंच आपल्या हातात आहे, असं त्या म्हणाल्या. ती तिथल्याच बाकावर बसून रडली. पण खोलीत परत जाताना तिने तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि नवऱ्याला सांगितलं, "अशक्तपणा आहे म्हणे. महिन्याभरात घरी."

त्या दिवसापासून तिने ताकास तूर लागू दिली नाही. दूर राहणाऱ्या लेकीलाही अर्धंच सांगितलं. वेळ जावा म्हणून नवऱ्याला जुना टॅब नेऊन दिला, त्यात त्यांचा पत्त्यांचा खेळ होता. रोज भेटीच्या वेळी ते उशीला टेकून विचारायचे, "काय म्हणतो तुझा होडीवाला?"

"वल्हवतोय. तुमची म्हातारी?"

"रियाज चाललाय. घरी आलो की बघतोच तुझ्या होडीवाल्याकडे."

घरी आल्यावर बघायचे भाग शिल्लक होते, आणि बाइंडरबाईचा सगळा जीव त्या भागांत होता. ते बाकी आहेत तोवर हा माणूस घरी यायचा आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. वेडेपणा होता, हे तिला कळत होतं. तरी टीव्हीवर त्या मालिकेचं चित्र दिसलं की ती घाईने पुढे सरकायची, चुकून बोट लागू नये म्हणून.

मग एका दुपारी टीव्ही रुसला. पडद्यावर पुन्हा लॉगिन करा, पुन्हा लॉगिन करा. तिने लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, कॅमेरा टीव्हीकडे कर. हा पंखा आहे."

"केलाय की."

"आता तुझा कान दिसतोय. फोन उलटा धर. पासवर्ड काय होता?"

"ते तुझ्या बाबांचं खातं."

लेकीने कपाळावर हात मारला, तिकडूनच काहीतरी खटपट करून नवा पासवर्ड काढला आणि एकेक अक्षर सांगत आईकडून रिमोटने भरून घेतला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा टीव्ही उघडला आणि लेक हसायलाच लागली.

"अगं, संपवलीत की बेटावरची! आणि मला म्हणालीस, अर्धीच झाली."

दीपगृहाच्या चित्राखालची लाल रेघ शेवटपर्यंत भरलेली होती. खाली लिहिलं होतं, पुन्हा बघा.

"टीव्ही बिघडलाय," बाइंडरबाई म्हणाली.

"टीव्हीला काय धाड भरलीये? बाबांनी टॅबवर बघितली असणार. दोन्हीकडे खातं एकच आहे ना. पकडले गेले बाबा!"

बाइंडरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इस्पितळाच्या बसमध्ये बसून तिने भांडणाची जय्यत तयारी केली. मी इथे चित्रावर बोट लागू देत नाही, आणि तुम्ही तिथे पांघरुणात चोरून बघता? अगदी शेवटपर्यंत? मग तिच्या लक्षात आलं, की एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस एकदाही पुढे गेला नव्हता. तापात नाही, ती माहेरी असताना नाही. मग आताच कशाला गेला? घरी जाऊन बघता येणार नाही हे ज्याला कळलंय, तोच असं करील. ती उतरायचा थांबा विसरली आणि पुढच्या थांब्यावरून चालत मागे आली.

कॅसेटवाले उशीला टेकून बसले होते. "आज उशीर? होडीवाल्याने सोडलं नाही वाटतं."

ती स्टूल ओढून बसली. "टीव्ही बंद पडला होता. लेकीने चालू करून दिला."

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. "दिसतं का त्यात?"

"सगळं दिसतं."

शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरत होता. कॅसेटवाल्यांनी टॅब चादरीखाली ढकलला, जणू आता लपवून काही उपयोग होता.

"तुला डॉक्टरीणबाईंनी कधी सांगितलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तपासण्या झाल्या त्याच दिवशी. तुम्हाला?"

"मी दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं. म्हटलं, हिला कळू देऊ नका. त्या बरं म्हणाल्या."

"मीही तेच सांगितलं होतं. मलाही 'बरं'च म्हणाल्या."

दोघंही हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. त्यांनी तिचा हात धरला. तिच्या बोटांना वाळलेला डिंक होता, तो ते नखाने काढत बसले.

"तुझ्याबरोबरच बघायची होती गं," ते म्हणाले. "पण मग म्हटलं, राहूनच गेली तर?"

तिने डोळे पुसले. "आता मला सांगा."

"काय?"

"शेवट."

"अगं, वेडी का काय तू? बघ की निवांत."

"मला एकटीला नाही बघवणार. तुम्हीच सांगा."

शेवट सांगणाऱ्याला दुकानाबाहेर काढणारा तो माणूस उशीवर सरळ होऊन बसला. मग त्यांनी घसा साफ केला.

"तूच जिंकलीस," ते म्हणाले. "होडीवाला."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. वादळाची रात्र, दोरखंडाची गाठ, रखवालदाराने पाहिलेला चोरटा माल. दोनदा धाप लागली, दोनदा तिने पाणी पाजलं. भेटीची वेळ संपली तरी नर्स काही बोलली नाही.

"मला माहीतच होतं," बाइंडरबाई म्हणाली.

"तुला नेहमीच माहीत असतं," ते म्हणाले आणि थकून डोळे मिटून पडले.

महिना काही पुरा झाला नाही. कॅसेटवाले गेले. लेक आली, राहिली, आईच्या फोनमधली अक्षरं मोठी करून दिली आणि तिला जावं लागलं. घर खायला उठलं. बाइंडरबाई वाचनालयात जायला लागली, पण रहस्यकथा शेवटी शिवायला बाजूला ठेवायची.

एका रविवारी दुपारी तिने स्वतःच बेटावरची मालिका लावली. गोष्ट कळावी म्हणून नव्हे, ती तर तिला माहीत होती. ते चादरीखाली एकटे काय बघत होते, तेवढंच तिला बघायचं होतं. एकेक भाग सरला. ती होडीवाल्यावर डोळा ठेवून होती, दोरखंडाच्या गाठीची वाट बघत होती. गाठ आलीच नाही. चोरटा मालही आला नाही. शेवटच्या भागाच्या सुरुवातीलाच होडीवाला निर्दोष सुटला आणि आपल्या मुलीकडे निघून गेला.

मग पोलीस पियानो शिकवणाऱ्या म्हातारीच्या दारात उभे राहिले.

बाइंडरबाईने मालिका थांबवली. उठून उभी राहिली, परत बसली. सगळ्या जन्मात एकदाच या माणसाचा खुनी बरोबर निघाला होता, आणि ही जीत त्यांनी तिच्यापासून लपवून ठेवली होती, तिला बघायला काही उरावं म्हणून. बसल्या बसल्या अख्खी खोटी गोष्ट रचली होती, धाप लागत असताना. तिला त्यांना चिडवायचं होतं, त्यांच्याशी भांडायचं होतं, आणि त्यांनी दिवसभर घरात फुशारकी मारत फिरावं असं तिला फार वाटलं.

"जिंकलात की हो तुम्ही," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.