शेवटची वीस मिनिटं

बाईंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून पेन काढलं, चालतंय ना म्हणून तळहातावर एक रेघ ओढून पाहिली आणि शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात दिलं.

"टोपण तेवढं सांभाळा," त्या म्हणाल्या.

"एकच सही करायचीय बाई. कागद छापून आला की लगेच देतो परत."

माणूस शिंपी होता. गडबडीत गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. त्याच्या पलीकडे दहावीतली त्याची मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती आणि तपासलेल्या पेपराची सुरळी उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती. कसली सही, हे बाई विचारणार तोच शिपाईमामा दारातून डोकावले.

"बाई, चला. मोठे सर वाट बघतायत."

मोठे सर! पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच शाळेत तिसऱ्या ओळीत बसणाऱ्या या मुख्याध्यापकांना अख्खा वर्ग खोडरबर म्हणायचा. लिहायचा कमी, खोडायचा जास्त. आठवीत आला तरी अपूर्णांक म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. बाई तेव्हा नव्यानेच नोकरीला लागलेल्या. एक अख्खी सुट्टी त्यांनी त्याला घरी बोलावून शिकवलं होतं.

"या या बाई, बसा." मोठे सर उठून उभे राहिले, पण खुर्चीपासून दूर काही झाले नाहीत. "मामा, चहा."

खोली थंडगार होती. कोपऱ्यात प्लास्टिकचं फुलझाड, त्याच्यावर धूळ, आणि त्याच्या बरोबर वर एक पाटी: 'प्रत्येक मूल म्हणजे एक उमलणारं फूल'. समोरच्या भिंतीवर ओळीने बारा चौकटी. प्रत्येक चौकटीत एक वर्ष आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत 'शंभर टक्के निकाल'. तेरावी चौकटही टांगून तयार होती. आत नुसता कोरा कागद. परीक्षेला अजून दोन महिने होते.

"हा निकाल लागला की मी निवृत्त," मोठे सर म्हणाले. "संस्था गौरवअंक काढतेय. पहिला लेख तुमचा. माझी शैक्षणिक विचारसरणी, असा विषय आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून आम्हीच लिहून ठेवलाय. फक्त सही हवी."

त्यांनी कागद पुढे सरकवले. एका बाजूला छापलेले, पाठकोरे. बाईंनी चष्मा लावला. 'त्यांच्यातला द्रष्टा मी बालपणीच ओळखला होता.' बाईंनी फक्त एवढंच ओळखलं होतं, की पोराला छेद आणि अंश यांतला वर कोण नि खाली कोण हे कळत नाही. पुढे 'ज्ञानयज्ञ' होता, 'दीपस्तंभ' होता, 'गुणवत्तेचा ध्यास' तीनदा होता. चार पानांत एकाही मुलाचं नाव नव्हतं. लग्नाच्या अहेरात आलेली भांडी जशी या घरातून त्या घरात फिरतात, तसे हे शब्द कुठल्या कुठल्या गौरवअंकांतून फिरून इथे आले असणार.

"बाहेर एक मुलगी बसलीय," बाई कागदांवरून नजर न काढता म्हणाल्या.

"हो, तिचा प्रश्न आज मिटेल. गणितात सराव परीक्षेत एकोणीस मार्क. वडील लिहून देतायत, की आम्ही स्वखुशीने शाळेतून नाव काढतोय. बाहेरून बसेल ती पुढच्या परीक्षेला."

"बसेल?"

"बसायला हवं. आता तो पालकांचा प्रश्न आहे. वर्षाला अशी पाच-सहा निघतातच."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. बारा चौकटी. त्यांनी हिशेब केला नाही. गणिताच्या बाई असल्याने तो आपोआप झाला.

"आणि शाळा काय करते रे या पाच-सहांचं?"

मोठे सर हसले. ते हसू सभेत टाळ्यांच्या आधी हसतात तसलं होतं. "बाई, हे तुम्ही विचारताय? अहो, ही तर तुमचीच शिकवण. अवघड गणितात अडकायचं नाही. सोडून द्यायचं आणि पुढे जायचं. जे येतं ते आधी पक्कं करायचं. मी शाळा चालवली ती याच एका वाक्यावर. प्रत्येक भाषणात तुमचं नाव घेऊन सांगतो."

मामांनी चहा आणून ठेवला. बाईंनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आणि शेवटची वीस मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"कसली वीस मिनिटं?"

"पेपरातली. राखून ठेवायला सांगायचे ना मी. कशासाठी?"

मोठ्या सरांनी छताकडे पाहिलं. तोंडी परीक्षेत पाहायचा तसंच. "ती... पुरवण्या बांधायला. दोरा घट्ट बांधायचा, समास आखायचा. बरोबर ना?"

इतका वेळ बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात असलेलं हसू निघून गेलं होतं. त्या वीस मिनिटांत सोडलेल्या गणितांकडे परत यायचं, हे वाक्य त्या दरवर्षी सांगत. पण सांगत तासाच्या शेवटी, फळा पुसता पुसता, मुलांकडे पाठ करून. तोवर घंटा झालेली असे आणि दप्तरं भरलेली. छत्तीस वर्षं.

"बाई, सही," मोठे सर म्हणाले आणि खिशातलं सोनेरी पेन काढून पुढे केलं.

"माझं पेन आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर राहिलंय."

त्यांनी चारही पानं उचलली आणि गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

बाहेर कारकुनाने नुकताच कागद आणून दिला होता. 'मी स्वखुशीने' इथपर्यंत शिंप्याचं बोट पोचलं होतं. दुसऱ्या हातातल्या पेनाचं टोपण निघालेलं होतं.

"भाऊ, पेन द्या बघू माझं."

"झालंच बाई. एवढी सही..."

"मला आत्ता लागतंय."

शिंप्याने मुलीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि पेन दिलं. बाई त्या दोघांच्या मधे बसल्या. मुलीच्या हातातला पेपर त्यांनी घेतला, मांडीवर सपाट केला आणि लाल शाईकडे न पाहता कोऱ्या जागा शोधू लागल्या.

"यातलं सगळ्यात आधी सोडलंस ते कुठलं?"

मुलीने एका प्रश्नावर बोट ठेवलं.

केबिनचं दार उघडलं. मोठे सर उंबऱ्यात उभे होते, सोनेरी पेन अजून हातात.

बाईंनी मान वर केली नाही. मांडीवरची चार पानं त्यांनी उलटी केली, कोऱ्या बाजूवर गणित उतरवून घेतलं आणि पेन मुलीच्या हातात दिलं.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "घंटा झाली तरी उठायचं नाही."